ग्राफिक्स कार्ड बिघडलंय हे सिद्ध कसं करायचं? तपासणीपासून वॉरंटीच्या काउंटरपर्यंत

मे महिन्यात, लग्नसराई ऐन भरात असताना, माझ्या स्क्रीनवर हिरव्या चौकड्या उमटल्या. सांगलीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. नवरा-नवरीवर अक्षता पडतायत आणि त्यांच्या चेहऱ्यांवर हिरवे-जांभळे चौकोन नाचतायत, असं दिसायला लागलं. पाच-सात सेकंदांत स्क्रीन काळी झाली, कार्डाचे पंखे जोरात फिरायला लागले, स्पीकरमधून सनई मात्र चालूच होती. कार्ड घेऊन १६ महिने झाले होते आणि वॉरंटी ३ वर्षांची होती. मी त्याच संध्याकाळी कार्ड काढून दुकानदाराकडे दिलं. तीन आठवड्यांनी ते जसंच्या तसं परत आलं. जॉबशीटवर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, एकच ओळ होती, ‘तपासणीत दोष आढळला नाही’.

कार्ड खरोखर खराब होतं. पण दुकानदाराने माझी तक्रार दोनच शब्दांत लिहून पाठवली होती, ‘डिस्प्ले प्रॉब्लेम’. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी कार्ड लावलं, डिस्प्ले आला, त्यांच्या दृष्टीने विषय संपला. साधारण वीस मिनिटं पूर्ण लोडवर, म्हणजे जास्तीत जास्त काम देऊन, चालवल्यावरच दोष दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी मी स्वतः पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला गेलो, तेव्हा सोबत चाचण्यांची लेखी नोंद होती. दहा दिवसांत कार्ड बदलून मिळालं. दोन खेपांमधल्या काळात जे शिकलो ते ज्या क्रमाने करायचं त्याच क्रमाने इथे लिहितो.

काहीही काढण्याआधी नोंद करा

आपला हात आधी स्क्रू-ड्रायव्हरकडे जातो, तो आवरा. मोबाइलने स्क्रीनचा व्हिडिओ काढा, त्यात कॅबिनेटही दिसू द्या. एका वहीत तारीख, वेळ, कुठला प्रोग्रॅम चालू होता आणि सुरू केल्यापासून किती मिनिटांनी बिघाड झाला हे लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून बहुतेक वेळा काहीतरी सूत्र दिसायला लागतं.

मग विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर (बिघाडांच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) उघडून ‘सिस्टिम’ या भागात बिघाडाच्या वेळच्या लाल-पिवळ्या खुणा बघा. ग्राफिक्स ड्रायव्हरने (विंडोजकडून कार्ड चालवून घेणाऱ्या प्रोग्रॅमने) ठरावीक वेळेत उत्तर दिलं नाही तर विंडोज तो ड्रायव्हर आपणहून पुन्हा सुरू करतं. ही मुदत मुळात फक्त २ सेकंदांची आहे. अशा वेळी ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. निळ्या स्क्रीनवर ‘व्हिडिओ टीडीआर फेल्युअर’ असं येतं तेही याच कुळातलं. अशी नोंद सापडली म्हणजे कार्डच दोषी असं नाही, कारण ड्रायव्हर, एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) किंवा रॅममुळेही ती पडते. पण ती पुरावा आहे, म्हणून तिचा फोटो काढून ठेवा.

लक्षण काय सांगतं

डिस्प्ले अजिबात येत नसेल तर आधी मॉनिटरची वायर कुठे लावली आहे ते बघा. साफसफाई केल्यावर ती चुकून मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये जाते. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावापुढे ‘एफ’ असतं त्यांत स्वतःचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे तिथून चित्र येणारच नाही. वायर बरोबर असेल तर रॅम काढून, पुसून पुन्हा बसवा. रॅम नीट न बसल्यानेही स्क्रीन काळीच राहते आणि संशय कार्डावर जातो. मदरबोर्डवर छोटे इशारा दिवे असतील तर ‘व्हीजीए’ (म्हणजे ग्राफिक्स) लिहिलेला दिवा पेटून राहतोय का ते बघा.

चित्रात चौकड्या, ठिपके किंवा रेषा येत असतील तर त्या केव्हा येतात हे महत्त्वाचं. कॉम्प्युटर चालू करताच, कंपनीच्या लोगोवर किंवा बायोसच्या (विंडोजआधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या) पानावरच दिसत असतील, तर विंडोजचा ड्रायव्हर तेव्हा सुरूही झालेला नसतो. म्हणजे दोष जवळजवळ नक्की हार्डवेअरचा. फक्त एकाच गेममध्ये दिसत असतील तर आधी तो गेम आणि ड्रायव्हर तपासा. चौकड्या दिसत असतानाच स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर उघडा. स्क्रीनशॉटमध्येही चौकड्या असतील तर चित्र कार्डातच बिघडतंय. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर बहुधा वायर, मॉनिटर किंवा कार्डाचं आउटपुट सॉकेट यांचा दोष. माझ्या स्क्रीनशॉटमध्ये चौकड्या होत्या.

चित्र गेलं पण आवाज चालू आहे, की अख्खा कॉम्प्युटरच फटकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो? दुसरा प्रकार असेल तर आधी एसएमपीएसकडे बघा.

वीज

आपल्याकडे कार्डाच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी मुळात विजेच्या असतात, म्हणून इथे घाई करू नका.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. ६ पिनच्या जोडणीतून आणखी ७५ आणि ८ पिनच्या जोडणीतून १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा. एकाच वायरीला पुढे दोन तोंडं असतात, तिच्यावर दोन्ही जोडण्या भागवू नका. लोड एकदम वाढला की त्या एका वायरीवर ताण येतो आणि कार्ड अडखळतं. प्रत्येक जोडणी काढून खटक्याचा आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवा.

नव्या मोठ्या कार्डांना बारीक १६ पिनची जोडणी असते. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० बाजारात आल्यावर ही जोडणी वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. ती पूर्ण आत न बसणं हे त्यामागचं एक मोठं कारण निघालं आणि पुढे या जोडणीच्या रचनेत सुधारणा केली गेली. तुमच्या कार्डाला ती असेल तर टॉर्च मारून बघा, फट अजिबात दिसता कामा नये. जोडणीलगतच वायर एकदम वाकवूही नका. प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं किंवा मऊ झालेलं दिसलं तर कॉम्प्युटर तिथेच बंद करा, फोटो काढा आणि पुन्हा चालू करू नका.

घरातलं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ती सवयीची गोष्ट समजू नका. कॉम्प्युटर जुन्या, स्वस्त यूपीएसवर असेल तर चाचणीपुरता थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. वीज गेल्यावर अशा यूपीएसकडून येणारा प्रवाह काही एसएमपीएसना मानवत नाही आणि बॅटरीवर जाताक्षणी कॉम्प्युटर बंद पडतो. शेवटी, जमत असेल तर कुणाचा तरी चांगला एसएमपीएस तासाभरासाठी लावून बघा. तेवढ्याने प्रश्न सुटला तर कार्ड सर्व्हिस सेंटरला नेण्याचा हेलपाटा वाचला.

ड्रायव्हर आणि सेटिंग

जुन्या ड्रायव्हरवर नवा चढवणं म्हणजे ड्रायव्हर बदलणं नव्हे. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे, सगळे त्याला डीडीयू म्हणतात. आधी नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा, मग इंटरनेट तोडा, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करा आणि डीडीयूने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा. इंटरनेट तोडायचं कारण असं की, विंडोज अपडेट मधल्या वेळात स्वतःच एखादा ड्रायव्हर टाकून मोकळं होतं. नव्या ड्रायव्हरने भागलं नाही तर दोन-तीन महिने जुनाही लावून बघा. दोन्हींवर तोच बिघाड दिसला तर तसं वहीत लिहा, पुढे उपयोगी पडतं.

कार्डाचं किंवा प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग केलं असेल, म्हणजे ठरवलेल्यापेक्षा वेग वाढवला असेल, तर काढा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी सेटिंगही चाचणीपुरतं बंद ठेवा. कार्ड जोडपट्टीच्या वायरीवर (रायझर केबलवर) उभं बसवलेलं असेल तर ते थेट स्लॉटमध्ये लावून बघा, ती वायर हा एक नेहमीचा गुन्हेगार आहे.

धूळ आणि उष्णता

ब्लोअरने धूळ काढताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा वेड्यासारखा फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. कार्डाच्या स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी पट्ट्या कोरड्या, स्वच्छ कापडावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, घरातलं सॅनिटायझर नको.

एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून तीन आकडे बघा: चिपचं तापमान, हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं) तापमान आणि कार्ड दाखवत असेल तर मेमरीचं तापमान. चिप ७५ अंशांवर आणि हॉटस्पॉट १०५ वर, असा ३० अंशांचा फरक असेल तर चिपवरची उष्णता वाहून नेणारी आतली पेस्ट वाळली असावी किंवा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नीट टेकत नसावा. मात्र वॉरंटी चालू असताना कार्ड खोलून पेस्ट बदलायला बसू नका. स्क्रूवरचा स्टिकर फाटला की काउंटरवर वाद सुरू होतो. तापमानाची तक्रार हीसुद्धा वॉरंटीचीच तक्रार आहे, ती तशीच मांडा.

कार्ड ओव्हनमध्ये भाजून किंवा हॉट एअर गन मारून ‘जिवंत’ करण्याचे व्हिडिओ दिसतात. वॉरंटीतल्या कार्डावर हा प्रयोग चुकूनही करू नका. चाललं तरी थोडे दिवस चालतं आणि दावा कायमचा जातो.

मुद्दाम बिघडवून दाखवा

आता खरी चाचणी. ओसीसीटी या प्रोग्रॅममध्ये कार्डाची मेमरी तपासण्याची सोय आहे. चुका सापडल्या तर तो त्यांची संख्याच दाखवतो आणि तिथे एकही चूक चालत नाही. सोबत एचडब्ल्यूइन्फोला नोंद फाइलमध्ये साठवायला सांगा. चाचणी चालू असताना स्क्रीनचा व्हिडिओ मोबाइलवर सलग काढा, मध्ये कापू नका. माझ्या कार्डावर पहिली अठरा मिनिटं शून्य चुका होत्या, एकोणिसाव्या मिनिटाला आकडा वाढायला लागला आणि पाठोपाठ चौकड्या आल्या. ही एकोणीस मिनिटांची गोष्ट पुढे सगळ्यात उपयोगी ठरली.

आणखी एक गोष्ट करून बघा. एमएसआय आफ्टरबर्नर या कार्डाचा वेग बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेमरीचा वेग काहीसा कमी करा आणि तीच चाचणी पुन्हा चालवा. चुका थांबल्या तर मेमरी चिपकडे बोट जातं. वेग कमी करून काम भागतंय म्हणून तसंच वापरत राहू नका. वॉरंटीचे दिवस निघून जातात आणि दोष वाढतो.

शेवटचा आणि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे अदलाबदल. मी कार्ड मिरजेला मित्राकडे नेलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये माझं कार्ड आणि माझ्यात त्याचं, दोन्हीकडे तीच चाचणी. माझं कार्ड तिथेही एकविसाव्या मिनिटाला फसलं, त्याचं कार्ड माझ्याकडे तासभर निर्धास्त चाललं. यानंतर एसएमपीएस, रॅम, मदरबोर्ड, विंडोज हे सगळे संशयित सुटले. उलट घडलं असतं, म्हणजे माझ्याकडे त्याचंही कार्ड अडखळलं असतं, तर कार्डाचा नाद सोडून बाकीचा कॉम्प्युटर तपासावा लागला असता.

वॉरंटीची तयारी

बिल शोधा आणि त्यावर कार्डाचा सिरियल नंबर आहे का बघा. नसेल तर दुकानदाराकडून तसं लिहून, सही-शिक्क्यासह घ्या. नवीन कार्ड घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हे खरेदीच्या दिवशीच करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या की गावात. काही कंपन्या ठरावीक दिवसांत ऑनलाइन नोंदणी केली तर वॉरंटी वाढवून देतात, ती मुदत खोक्यावर किंवा वेबसाइटवर वाचा. अमेरिकेहून भाच्याने आणलेलं कार्ड स्वस्त पडतं खरं, पण अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात विक्री झाली तिथपुरतीच असते. वापरलेलं कार्ड घेताना मूळ बिल हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका.

कार्ड देण्याआधी उजेडात फोटो काढा: पुढून, मागून, सोनेरी पट्ट्या, सिरियल नंबरचा स्टिकर, सगळे स्क्रू, मॉनिटरच्या सॉकेटची पट्टी. गंज, जळाल्याची खूण, तुटलेला भाग, पाण्याचा डाग यांपैकी काहीही दिसलं तर वॉरंटी नाकारली जाते. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांना याचा फटका जास्त बसतो, खाऱ्या दमट हवेत सॉकेटच्या त्या पट्टीवर दोन पावसाळ्यांत गंज चढतो. तिथे कॉम्प्युटर खिडकीपासून दूर ठेवा आणि आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. चालू मशीनच्या उबेने आतला ओलावा कमी राहतो.

मग एक छोटं निवेदन लिहा. माझं साधारण असं होतं:

‘कार्ड पूर्ण लोडवर १५ ते २५ मिनिटं चालल्यावर स्क्रीनवर चौकोनी ठिपके येतात व नंतर डिस्प्ले जातो. थोडा वेळ चालवल्यास दोष दिसत नाही. कृपया मेमरीची चाचणी किमान ३० मिनिटं चालवावी. दोन वेगळ्या कॉम्प्युटरवर, दोन वेगळ्या ड्रायव्हरवर हाच दोष आढळला. व्हिडिओ, तापमानाची नोंद व स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.’

तीन आठवड्यांचं काम कसं अडलं, किती नुकसान झालं हे सगळं मनात होतं, पण तपासणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. दोष कसा दिसेल हे त्याला हवं होतं. हेच निवेदन कंपनीला ईमेलनेही पाठवा, म्हणजे तारीख नोंदली जाते.

काउंटरवर

पुण्याच्या काउंटरवरच्या मुलाने कार्ड भिंगाच्या दिव्याखाली धरलं, कडेकडेने फिरवलं, सोनेरी पट्ट्यांवर नजर टाकली. आधीच्या तक्रारीचा नंबर बघून म्हणाला, “सर, हे तर मागे ओके करून पाठवलंय.” मी म्हणालो, “दादा, पाच मिनिटं चालवलं तर ओकेच दिसतं. हा व्हिडिओ एकोणिसाव्या मिनिटापासून बघा.” त्याने बघितला, माझा मोबाइल आत घेऊन गेला आणि परत येऊन निवेदनाचा कागद मागितला.

जॉबशीटवर सही करण्याआधी ती शब्दन्‌शब्द वाचा. सिरियल नंबर बरोबर आहे का? तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का? ‘बाह्य नुकसान नाही’ अशी नोंद आहे का? ही शेवटची ओळ लिहून घेतलीच पाहिजे, नाहीतर महिन्याभराने गंज किंवा ओरखडा तुमच्या माथी येतो. कार्ड कुरिअरने पाठवत असाल तर अँटिस्टॅटिक पिशवीत, मूळ खोक्यात, बाहेरून आणखी एक खोका घालून पाठवा आणि पॅकिंगचा सलग व्हिडिओ काढा.

कंपनी दुरुस्त केलेलं, नूतनीकरण केलेलं किंवा तोडीचं दुसरं कार्ड देऊ शकते. ते मॉडेल बंद झालं असेल तर कधी घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) वजा करून क्रेडिट नोट, म्हणजे रोख पैशांऐवजी तेवढ्या रकमेची जमा चिठ्ठी, पुढे केली जाते. लगेच मान डोलवू नका. वॉरंटीच्या छापील अटींमध्ये तसं लिहिलंय का ते विचारा आणि प्रस्ताव ईमेलवर मागा.

दाद लागत नसेल तर

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. ऑनलाइन खरेदी असेल तर त्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ही कोर्ट नाही, ती तक्रार कंपनीकडे पोचवून तडजोडीचा प्रयत्न करते. तरी तिथला तक्रार क्रमांक मिळाल्यावर बऱ्याच ठिकाणी अडलेली फाइल हलते.

तेही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. माझ्यासारख्यांना एक शंका येते: कार्ड धंद्यासाठी घेतलं, मग मी ग्राहक ठरतो का? व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याने वगळली आहे, पण स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही. घरी बसून एडिटिंग करणारा, डिझाइन करणारा माणूस या आधाराने तक्रार करू शकतो.

बदललेलं कार्ड हातात आल्यावर

पिशवी काउंटरवरच उघडा. नवा सिरियल नंबर जॉबशीटशी जुळवा आणि उरलेली वॉरंटी कुठल्या तारखेपर्यंत हे लिहून घ्या. ती बहुतेक वेळा मूळ बिलापासूनच मोजली जाते. जुन्या बिलाला ही जॉबशीट टाचून ठेवा, कारण यापुढे बिलावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर वेगळा असणार. घरी येऊन डीडीयूने ड्रायव्हर साफ करा आणि जुन्या कार्डावर केलेली तीच मेमरीची चाचणी पहिल्या दोन दिवसांत लावा, पूर्ण तासभर. मी ती रात्री लावली आणि विसावं, एकविसावं मिनिट उलटेपर्यंत खुर्चीवरून उठलो नाही. तासाभराने चुकांचा आकडा शून्यच होता, त्याचा फोटो काढून मी जॉबशीटच्या फोटोशेजारी ठेवला.